प्रोबेशनवरच्या पोरांसाठी सीबीटीचे ग्रुप: फरक पडतो का, आणि सोलापुरात कसे घ्यायचे

एका एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या एम.ए.सारख्या पदवीच्या) मुलीनं विचारलंय, थोडक्यात सांगते. तिचं फिल्डवर्क सोलापुरात प्रोबेशनच्या कामाला लागलंय. कोर्टानं तुरुंगात न पाठवता नीट वागायच्या बाँडवर सोडलेली पोरं येतात, हजेरी देतात, "परत असलं काही करू नको, आईबापाचा विचार कर" एवढं ऐकतात, मान हलवतात आणि जातात. तिनं वाचलंय की बाहेरच्या देशात अशांसाठी सीबीटीचे (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार ओळखून वागणं बदलायची पद्धत) ग्रुप असतात आणि त्यानं परत गुन्हा व्हायचं प्रमाण कमी होतं. हे खरंय का, इथं जमेल का, आणि मी विद्यार्थी म्हणून कुठून सुरुवात करू?

बघ, मी बरीच वर्षं हेच काम करतेय, बाँडवर असलेल्यांसोबत आणि सुटून आलेल्यांसोबत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. सरळ उत्तर आधी. फरक पडतो, बऱ्यापैकी पडतो, पण तो समजावून सांगितल्यानं पडत नाही. हात उचलायच्या आधी डोक्यात जे दोन-चार सेकंद चालतं ते त्या माणसाला स्वतःला दिसायला लागलं आणि त्या सेकंदात दुसरं काहीतरी करायची त्यानं अंगाला सवय लावली, तर पडतो. बाकी सगळं याच्याभोवती आहे.

आधी आकडे, म्हणजे कुणी "हे सगळं थोतांड आहे" म्हटलं तर तुझ्याकडे उत्तर पाहिजे. १९७४ साली रॉबर्ट मार्टिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं सुधारणेच्या कार्यक्रमांवरच्या २३१ अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिलं की जवळजवळ कशाचाच भरवशाचा उपयोग दिसत नाही, आणि तेव्हापासून "काहीच चालत नाही" हे वाक्य सगळीकडे रूढ झालं. त्यानं स्वतः १९७९ मध्ये ते मत बरंचसं मागे घेतलं, पण ते कुणी फारसं ऐकलं नाही. पुढं कॅनडात रॉस आणि फॅबियानो यांनी विचार करायची कौशल्यं शिकवणारा रीझनिंग अँड रिहॅबिलिटेशन हा कोर्स बांधला, अमेरिकेत थिंकिंग फॉर अ चेंज आला, रागावर काम करणारं अ‍ॅग्रेशन रिप्लेसमेंट ट्रेनिंग आलं. मग २००७ मध्ये लिप्सी, लँडेनबर्गर आणि विल्सन यांनी असले ५८ अभ्यास एकत्र करून बघितले, तर कोर्स न मिळालेल्या १०० जणांत साधारण ४० जण परत अडकत होते आणि कोर्स मिळालेल्यांत साधारण ३०. म्हणजे पाव हिश्श्यानं कमी. आणि जिथं काम नीट झालं, शिकवणारे तयार होते, लोक शेवटपर्यंत टिकले, तिथं घट याच्या दुप्पट होती.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कोर्सच्या नावानं फरक पडला नाही. कुठला ब्रँड, कुठलं पुस्तक, याला महत्त्व नव्हतं. महत्त्व तीन गोष्टींना होतं: जास्त जोखमीची माणसं घेतली होती का, काम किती नीट राबवलं, आणि राग आवरणं आणि माणसामाणसांतले पेच सोडवणं हे भाग त्यात होते का. त्यामुळे परदेशी मॅन्युअल मिळत नाही म्हणून अडून बसू नकोस.

आता कुणाला घ्यायचं. इथं आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ग्रुप करायचा म्हटलं की जो पोरगा नीट बोलतो, वेळेवर येतो, घर बरं आहे, पहिलाच गुन्हा आणि तोही भावकीच्या बांधावरच्या भांडणातला, त्यालाच बोलावतात कारण तो येतो. त्याला याची गरज नाही. अँड्र्यूज आणि बाँटा या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून हे पक्कं झालंय की कमी जोखमीच्या माणसाला असल्या भारी कार्यक्रमात ओढलं तर फायदा होत नाही, उलट नुकसान होऊ शकतं, कारण त्याची नोकरी बुडते, घरच्यांसोबतचा वेळ तुटतो आणि ज्यांच्याशी त्याची कधी ओळख झाली नसती त्यांच्यासोबत तू त्याला आठवड्यातून दोनदा बसवतेस. त्याला त्याच्या कामावर जाऊ दे. ग्रुपमध्ये घ्यायचा तो, जो दोनदा दांडी मारतो, ज्याच्यावर आधीच्या केसेस आहेत, ज्याची सगळी उठबस तसल्याच पोरांत आहे, जो "समोरच्यानं सुरू केलं" सोडून दुसरं बोलतच नाही. त्याला आणणं अवघड आहे हे मला माहितीये. पण तुझा वेळ त्याच्यासाठीच आहे.

आणि जोखीम मोजताना सोलापुरात एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. हे शहर सेटलमेंटचं आहे. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं त्यांना इथं कुंपणात ठेवलेलं, हजेरी घेतलेली, मिलमध्ये कामाला लावलेलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण सेटलमेंट हे वस्तीचं नाव अजून तसंच आहे आणि त्या पत्त्यावरून माणसाकडे बघायची नजर पण बरीचशी तशीच आहे. तर जोखीम म्हणजे आडनाव नाही, जमात नाही, वस्ती नाही. जोखीम म्हणजे आधीचा गुन्ह्याचा इतिहास, गुन्ह्याला बरोबर ठरवणारे विचार, संगत, लगेच पेटायचा किंवा झोकून द्यायचा स्वभाव, आणि मग घर, काम किंवा शाळा, नशा, रिकामा वेळ. यातलं काय काय आहे ते माणसागणिक बघायचं. तुझ्या रिपोर्टमध्ये "गुन्हेगारी पार्श्वभूमीचा समाज" असलं एक वाक्य जरी आलं तरी त्या पोराचं तू मोठं नुकसान केलंस, कारण तो रिपोर्ट कोर्टासमोर जातो.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते, कारण पुस्तकात हा भाग कोरडा वाटतो. मुख्य हत्यार एकच आहे, विचारांचा तक्ता. फळ्यावर चार रकाने: काय झालं, डोक्यात काय आलं, अंगात काय झालं, काय केलं. एक उदाहरण देते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. यंत्रमागावरचा पोरगा, विशी ओलांडलेली, धारदार वस्तूनं मारहाण, जुन्या आयपीसीच्या भाषेत कलम ३२४. पहिल्यांदा विचारलं तर म्हणाला, "काय विचार नव्हता मॅडम, हात गेला." सगळे हेच म्हणतात आणि खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं आठवतं. इथं घाई करायची नाही. मागं मागं जायचं. उभा कुठं होतास? टपरीवर. हातात काय होतं? गायछाप मळत होतो. सोबत कोण? गल्लीतली तीन पोरं. मग? तो समोरून गेला आणि हसला. हसला तेव्हा तुला काय वाटलं? बराच वेळ गप्प. मग हळूच, "पोरांसमोर इज्जत काढायलाय." अंगात? "कानाच्या पाळ्या गरम झाल्या, दात आवळले." मग? "आज सोडलं तर उद्या कुणीपण येईल." आणि मग हात.

बघितलंस का, "काय विचार नव्हता" मधून तीन विचार बाहेर आले. आणि शेवटचा, आज सोडलं तर उद्या कुणीपण येईल, हा त्या एका दिवसाचा नाही, तो त्याचा कायमचा नियम आहे, त्याच नियमानं त्याची आधीची भांडणंही झालेली. थिंकिंग फॉर अ चेंजमध्ये हाच क्रम आहे, प्रसंग, विचार, भावना आणि खाली बसलेली समजूत. गरम कान ही त्याची खूण. पुढचे कित्येक आठवडे काम एवढंच की कान गरम झाले की कळायला पाहिजे, आता सुरू झालं.

मग पाचवा रकाना: त्या जागी दुसरं काय म्हणता आलं असतं? इथं नवीन कार्यकर्ते हमखास घसरतात, स्वतःच उत्तर देतात. "तो दुसऱ्याच कशाला तरी हसला असेल असा विचार कर." पोरगं हो म्हणतं, पण ते त्याला पटलेलं नसतं आणि टपरीवर ते आठवणार पण नाही. थांबायचं. ग्रुपमधल्या दुसऱ्यांना विचारायचं. या पोरानं शेवटी स्वतःच सांगितलं, "हसू दे की, मला सोमवारी हजेरी हाय." साधं वाक्य, पण त्याचं स्वतःचं, त्याच्या भाषेत, आणि त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. हा कमीपणाचा मुद्दा फार मोठा आहे. आपण दिलेलं शहाणपणाचं उत्तर पोरांना बहुतेक वेळा नामुष्की वाटतं, म्हणून ते वापरत नाहीत.

पण वाक्य सापडलं म्हणजे काम झालं नाही, करून बघायला लागतं. खुर्च्या बाजूला करायच्या आणि प्रसंग उभा करायचा. समजा जुने मित्र येतात, "चल की बे, तू काय करू नको, नुसता गाडीवर बस." पहिल्यांदा तो नाही म्हणतो पण उभाच राहतो, पाय हलत नाहीत, आणि जो उभा राहतो त्याला पाच मिनिटांत ते घेऊन जातात. म्हणून कारण सांगायचं, पहाटेची पाळी आहे, आणि बोलता बोलताच चालायला लागायचं. परत करायचं, यावेळी मित्रांची भूमिका करणाऱ्यांनी जास्त जोर लावायचा, "घाबरला का रे?" असं म्हणायचं. ग्रुपमधल्या पोरांना हा जोर कसा लावतात ते आपल्यापेक्षा शंभरपट चांगलं माहिती असतं, म्हणून ही भूमिका त्यांनाच द्यायची. मग सगळ्यांनी सांगायचं काय जमलं. चारपाच वेळा झालं की आवाज बदलतो, ते तुला ऐकू येईल.

शिकागोमध्ये शाळकरी मुलांच्या एका कार्यक्रमात अजून एक खेळ आहे, मी तो वापरते. जोड्या करायच्या, एकाच्या मुठीत बॉल, दुसऱ्याला सांगायचं की ३० सेकंदात काढून घे. झटापट होते, बोटं मुरगाळतात, ओरडाआरडा. झाल्यावर विचारायचं, कुणी नुसतं मागून बघितलं का? बहुतेक कुणीच मागितलेला नसतो. आणि बॉलवाल्याला विचारायचं, मागितला असता तर? "दिला असता की, माझ्या काय कामाचा." त्यानंतर खोलीत जी चर्चा होते ती तासभराच्या भाषणानं होत नाही. त्या कार्यक्रमाचा रँडम पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून, अभ्यास झालाय, कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यातल्या अटका जवळपास निम्म्यानं कमी झाल्या. संपल्यावर मात्र अटकांवरचा तो परिणाम टिकल्याचं ठाम दिसलं नाही, हेही सांगायला पाहिजे, कारण यातून कळतं की कोर्स संपला, सर्टिफिकेट दिलं, फोटो काढला, एवढ्यावर भागत नाही. बाँडची मुदत चालू आहे तोवर अधूनमधून परत भेटी ठेवायच्या.

आणि कायद्यात त्याला जागा आहे. १९५८ च्या प्रोबेशन कायद्यात कलम ४ खाली बाँड तीन वर्षांपर्यंतचा असू शकतो, आणि कोर्टानं देखरेखीचा आदेश दिला तर ती देखरेख एक वर्षापेक्षा कमी नसते. २१ वर्षांखालच्यांसाठी कलम ६ आहे, तुरुंगात पाठवायचं असेल तर कोर्टाला कारण लिहावं लागतं. कलम १४ मध्ये अधिकाऱ्याची कामं दिलीत, त्यात देखरेखीसोबत काम मिळवून द्यायला मदत करणं आणि सल्ला देणं पण आहे. म्हणजे तू जे करणार आहेस ते बाहेरून आणलेलं फॅड नाही, कायद्यानं सांगितलेल्या कामातच बसतं. अधिकाऱ्यांशी बोलताना हे कलम काढून बोल. त्यांच्यावर बालन्यायाची, घरगुती हिंसाचाराची, बाकीची सगळी कामं असतात, त्यांना नवीन ओझं नकोय, पण त्यांचंच काम सोपं होणार असेल तर ते जागा देतात.

ग्रुप जमलाच नाही तरी निराश होऊ नकोस, कारण हजेरीची ती १५-२० मिनिटं पण वापरता येतात. कॅनडात बाँटा आणि सहकाऱ्यांनी प्रोबेशन ऑफिसर लोकांनाच तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं आणि नंतर अधूनमधून मार्गदर्शन चालू ठेवलं. शिकवलं एवढंच की भेटीत अटी पाळल्या का एवढंच विचारत बसू नका, त्या माणसाच्या विचारावर बोला. दोन वर्षांत परत अडकणारे त्यांच्या लोकांत साधारण २५ टक्के, बाकी ऑफिसरांच्या लोकांत साधारण ४० टक्के. अभ्यास लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे. म्हणून पोरगं हजेरीला आलं की "काही त्रास नाही ना?" असं विचारू नकोस, त्याला नाही एवढंच उत्तर येतं. "मागच्या भेटीनंतर डोकं कधी फिरलं?" असं विचार, आणि कागदावर ते चार रकाने काढ.

आता पैशाचं. पोटात काही नसताना विचारावर किती काम करणार, हा प्रश्न तुला कुणीतरी विचारेलच आणि तो रास्त आहे. यावर मला सगळ्यात जवळचा वाटणारा अभ्यास लायबेरियातला आहे, कारण तो गरीब देश आहे. मोनरोव्हिया शहरात ९९९ तरुण घेतले, चोऱ्या, नशा, मारामाऱ्या करणारे. काहींना आठ आठवड्यांची सीबीटी, काहींना २०० डॉलर रोख, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. नुसते पैसे लवकर विरले. नुसत्या थेरपीचा परिणाम वर्षभरात ओसरत गेला. दोन्ही मिळालेल्यांत टिकला, आणि दहा वर्षांनी परत शोधलं तेव्हाही त्यांच्यातले गुन्हे साधारण निम्मेच होते. आणि थेरपी देणारे कोण, तर पूर्वी त्याच वाटेवरून गेलेले आणि बाहेर पडलेले लोक.

सोलापूरकरांना यात नवल वाटू नये. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी तेजस्वी सातपुते एसपी असताना ऑपरेशन परिवर्तन चालवलं. हातभट्टीसाठी मुळेगाव तांड्यावर वर्षानुवर्षं धाडी पडायच्या आणि भट्ट्या परत पेटायच्या. यावेळी कारवाईसोबत समुपदेशन आणि दुसरा धंदा उभा करायला मदत जोडली. ते सीबीटी नव्हतं आणि प्रोबेशनही नव्हतं, पण बोलणं आणि रोजगार एकत्र, हे सूत्र तेच. तुझ्या हातात २०० डॉलर नाहीत, पण आयटीआय आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने आहेत, ओळखीचा एखादा गॅरेजवाला आहे. एका पोराला काम लावून दिलंस तर बाकीचे ग्रुपला यायला लागतात. आणि मालकाशी वाजलं तर काम सोडून निघून न जाता काय बोलायचं, ह्याचा सराव ग्रुपमध्ये नक्की घे, लागलेली नोकरी बहुतेक वेळा तिथंच सुटते.

इथल्या काही अडचणी भराभर सांगते. वेळ ऑफिसच्या सोयीनं ठेवलीस तर कुणी येणार नाही, यंत्रमागावर पाळ्या असतात आणि खाडा म्हणजे मजुरी गेली, म्हणून आधी त्यांची सुट्टी विचार आणि मग दिवस ठरव. आठ-दहापेक्षा जास्त जण एका ग्रुपला नकोत. भाषा ही इथली खरी भानगड, पूर्व भागातलं पोरगं घरात तेलुगू बोलतं, दुसरं कन्नड, तिसरं दखनी, आणि राग नेहमी घरच्या भाषेत येतो. डोक्यात आलेला विचार त्याच भाषेत सांगू दे, शिवीसकट, मग मराठीत समजून घे. "सभ्य भाषेत सांग" म्हणालीस की तो विचार गेला. लिहायला येत नसेल तर चित्र काढायचं किंवा तोंडी सांगायचं, घरचा अभ्यास वहीत लिहून आणा असं सांगितलं की अर्धे पुढच्या वेळी येतच नाहीत. आणि अर्ध्यात सुटणं हे साधं घेऊ नकोस, इंग्लंडमध्ये प्रोबेशनच्या ग्रुपांत दिसलंय की सुरू करून मध्येच सोडणाऱ्यांचं परत अडकायचं प्रमाण पूर्ण करणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त होतं. त्यातले काही मुळातच जास्त अडचणीतले असणार, पण तरी, एक दांडी झाली की त्याच दिवशी फोन, दुसरी झाली की घरी जायचं.

गुप्ततेबद्दल पहिल्याच दिवशी बोल. प्रोबेशन अधिकाऱ्याचा कोर्टाला दिलेला रिपोर्ट कलम ७ नुसार गोपनीय असतो, पण ग्रुपमध्ये दहा जण ऐकत असतात आणि त्यांना कसलाच कायदा बांधत नाही. म्हणून नियम ठेव, केस झालेल्या प्रसंगावर किंवा गुन्हा न झालेल्या भांडणावर बोलायचं, पोलिसांना माहिती नसलेलं काही इथं सांगायचं नाही. कुणी सांगायला लागलं तर तिथंच थांबव. आणि कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर तू गप्प बसणार नाहीस, हेही आधीच सांग, नंतर सांगितलंस तर त्यांना दगा वाटेल.

नशेत असलेल्याला, किंवा डोक्यात आवाज येतात असं सांगणाऱ्याला आधी सिव्हिलला मानसोपचार विभागात दाखव, ग्रुप नंतर. बायकोला मारणाऱ्यांना या ग्रुपमध्ये मिसळू नकोस. तिथं प्रश्न नुसता राग आवरायचा नसतो, तो माणूस साहेबासमोर राग छान आवरत असतो. त्यासाठी वेगळं काम लागतं आणि आधी त्या बाईची सुरक्षितता बघावी लागते.

फिल्डवर्कच्या वेळात पूर्ण कोर्स बसवायचा प्रयत्न करू नकोस. अधिकाऱ्यांकडून तीन फाईली मागून घे, त्यातही ज्यांच्या हजेरीच्या रकान्यात गॅप आहेत त्या. एकेकाला स्वतंत्र भेट, पहिल्या भेटीत केसबद्दल विचारूच नकोस, दिवस कसा जातो ते विचार, सकाळी उठल्यापासून, कुणासोबत, कुठं, रिकामा वेळ किती. दुसऱ्या भेटीत अलीकडचं एक बारीक भांडण घे, घरातलं असलं तरी चालेल, आणि तक्ता काढ. पोरगं "काय विचार नव्हता" म्हणेल. तेव्हा विचार, हातात काय होतं.